डाव्या मागच्या चाकावरचं वजन

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे हे मी अठरा वर्षं विसरून गेले होते. पुण्यात डिग्री घेतली, भोसरीच्या एका कारखान्यात दीड वर्ष गिअरबॉक्स तपासले आणि मग सगळे गेले तशी आयटीत गेले. नेदरलँड्समध्ये आलो, आल्मेरेत घर घेतलं, तोपर्यंत माझ्या हातांना कीबोर्डशिवाय काही कळेनासं झालं होतं. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला की मी नवऱ्याला हाक मारायची. तोही आयटीतलाच, त्यामुळे नळ गळतच राहायचा.

अशा बाईने चिखलाच्या ट्रॅकवर गाडी पळवायला का जावं, हे मला अजून आईला नीट सांगता आलेलं नाही. तिला वाटतं मी वीकेंडला "गाडी शिकायला" जाते. चाळिशी ओलांडलेली मुलगी अजून गाडी शिकतेय यातही तिला फारसं वावगं वाटत नाही, हे माझं नशीब.

झालं ते असं. एका शनिवारी सायकल घेऊन गावाबाहेर पडले होते. शेतांमधल्या सरळ रस्त्याला एक पत्र्याची शेड होती आणि तिच्या उघड्या दारातून एका गाडीचं तोंड बाहेर आलेलं होतं. काचा नाहीत, आत ड्रायव्हरच्या सीटशिवाय दुसरी सीट नाही, सगळीकडून जाड लोखंडी नळ्या जोडलेल्या. मी सायकलवरून उतरून बघत उभी राहिले. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांच्या मालकाने माझ्याकडे न बघताच डचमध्ये सांगितलं, "सतरा नंबरचा पाना दे." मी ट्रेमधून सतराचा पाना उचलून दिला. अठरा वर्षांनंतरही माझ्या हाताला सतरा आणि एकोणीस यांतला फरक न बघता कळला, याचा मला जो आनंद झाला तो कुठल्याही प्रमोशनला झाला नव्हता.

पायांचे मालक त्र्याहत्तर वर्षांचे होते. समुद्राला बांध घालून ही जमीन वर काढली तेव्हा त्यांचे वडील इथे शेती करायला आले होते. आता शेत दुसऱ्याकडे होतं, शेड यांच्याकडे. त्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं की मला नावाने हाक मार. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. काका म्हणावं तर डच कानाला तो शब्द लहान मुलांच्या 'शी'सारखा लागतो, म्हणून तो मनातच ठेवला. इथेही काकाच म्हणते.

काकांनी तीस वर्षं स्टॉक कारच्या शर्यती केल्या होत्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: जुनी गाडी घ्यायची, तिची कातडी सोलावी तसं सगळं काढून टाकायचं, लोखंडी पिंजरा घालायचा आणि मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर डावीकडे वळत राहायचं. उजवीकडे वळायचं कामच नाही. धक्के द्यायला परवानगी असते. नवख्याच्या गाडीचं छप्पर पांढरं रंगवतात, म्हणजे मागच्यांना कळावं की पुढे कोण कच्चं आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी काकांच्या डोळ्यांवर बोट ठेवलं आणि शर्यती बंद केल्या. गाडी तेव्हापासून उभी होती. तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला विचारलं, "चालवतेस?" पुढे-मागे काही नाही, एवढंच. मी हो म्हणाले. तेव्हाचं ते हो अगदी खरं होतं. नंतरचे बरेचसे होकार खरे नव्हते, आणि ही गोष्ट त्या होकारांचीच आहे.

चिखलात इंजिनाच्या ताकदीला कोणी विचारत नाही. ताकद जमिनीपर्यंत पोचली पाहिजे. गाडी सतत डावीकडे वळत असल्यामुळे सगळा भार उजवीकडच्या चाकांवर फेकला जातो, आणि डावं मागचं चाक हलकं पडलं की ते माती नुसती उकरत बसतं. मग मागची बाजू पुढे यायला बघते आणि आपण आलेल्या वाटेकडे तोंड करून उभे असतो. म्हणून चारही चाकांखाली एकेक वजनकाटा ठेवून गाडी तोलायची आणि स्प्रिंगांवरचे बोल्ट फिरवून भार हवा तिथे सरकवायचा. एक कोपरा उचलला की त्याच्यावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्यावर वजन वाढतं, उरलेल्या दोघांवरचं कमी होतं. चारपायी टेबलाखाली कागदाची घडी घातली की जे होतं तेच.

हे कळायला मला एक दुपार पुरली. काकांची शिस्त अंगवळणी पडायला मात्र महिना गेला. एका वेळी एकच बदल करायचा, तो वहीत लिहायचा, मग दुसरा. दहाच्या ठोक्याला कॉफी, सोबत एकच बिस्कीट, आणि डबा लगेच बंद. मी पोहे घेऊन गेले तर त्यांच्या बायकोने ते दुपारच्या जेवणासाठी बाजूला ठेवले, कारण दहा ही बिस्किटाची वेळ.

गाडी तोलायची तर आत चालवणारं माणूस बसलेलं हवं. पण काट्यांवरचे बारीक आकडे काकांना दिसत नव्हते, ते मलाच वाचायचे होते. मी घरून तांदळाची वीस किलोची दोन पोती आणि दहाची एक आणली, वर तूरडाळीची दोन किलोची पिशवी ठेवली, आणि पट्टा बांधून माझ्याऐवजी त्यांना सीटवर बसवलं. नवरा ते बघून म्हणाला, "तुझ्यापेक्षा शांत बसतात." मी त्याला त्या आठवड्यात भात वाढला नाही. करणार कुठून, तांदूळ शेडमध्ये होते.

आता माझी चूक सांगते. ती पहिल्याच महिन्यात झाली होती.

शेडची जमीन तेलाने माखलेली होती. गाडीखाली पाठ टेकायची म्हणजे नको वाटायचं. एके दिवशी मी बादली आणि खराटा मागून घेतला आणि आपण घरी धुतो तशी ती जमीन धुवायला काढली. काका दारात उभे राहून बघत होते, डचांच्या घरात पाणी असं ओतत नाहीत. पाणी टाकलं आणि माझ्या लक्षात आलं की मला खराटा मारावाच लागत नाहीये. सगळं पाणी आपसूक एका कोपऱ्याकडे चाललंय. शेडच्या मागच्या उजव्या कोपऱ्याकडे, जिथे बाहेर पाण्याचा चर आहे. मोरीकडे उतार नसेल तर कोणत्या बाईचं किती काम वाढतं, हे ज्याने जमीन पुसली आहे त्यालाच कळतं. मला उतार पायाला कळतो.

मी विचारलं, "जमिनीला उतार आहे का?"

"नाही," काका म्हणाले. "हे काँक्रीट मी आणि माझ्या वडिलांनी ओतलंय. एकदम सपाट आहे."

आणि मी म्हणाले, "हो, बरोबर."

पाणी डोळ्यांसमोर वाहत होतं आणि मी हो म्हणाले. त्यांची शेड, त्यांच्या वडिलांनी ओतलेली जमीन, ते त्र्याहत्तर वर्षांचे आणि मी काल आलेली. मोठ्या माणसाला तोंडावर "तुमचं चुकतंय" म्हणायचं नाही, हे मला कोणी शिकवल्याचंही आठवत नाही, इतकं ते आतपर्यंत आहे. ऑफिसातही मी हेच करते. मॅनेजर चुकीचा आकडा सांगतो, मी मान डोलावते, आणि दोन दिवसांनी "एक छोटंसं क्लॅरिफिकेशन" अशी ईमेल पाठवते. काकांना ईमेल कुठून पाठवणार? मूग गिळले आणि खराटा जागेवर ठेवला.

पुढे काटे मांडले तेव्हा गाडीचं उजवं मागचं चाक नेमकं त्या खोलगट कोपऱ्यात आलं. मला ते कळलं. कळलं नाही असं म्हणून आता स्वतःला सोडवणार नाही. उतारावर तोललेलं वजन खोटं असतं हे भाजीवाल्यालाही ठाऊक असतं. पण फरक थोडाच असेल, अशी मी मनाची समजूत घातली, आणि वहीत सुंदर अक्षरात आकडे लिहिले.

एप्रिलमध्ये पहिली शर्यत झाली. दुसऱ्याच वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवला आणि गाडी गर्रकन फिरली. काका म्हणाले, नवखी आहेस. बरोबर होतं. मे महिन्यात चार वेळा फिरली. मी हलक्या पायाने चालवलं तरी फिरली, जड पायाने चालवलं तरी फिरली. काकांनी टायर बदलून बघितले, हवा कमी केली, उजवीकडचं मागचं टायर मोठ्या घेराचं लावलं म्हणजे गाडी आपोआप डावीकडे ओढेल. एकेक बदल, एकेक ओळ. प्रत्येक बदलानंतर गाडी पुन्हा तोलायची, आणि प्रत्येक वेळी काटे म्हणायचे की डाव्या मागच्या चाकावर हवं तेवढं वजन आहे. जूनमध्ये मी उलटी जाऊन टायरांच्या भिंतीवर आदळले. मान दोन आठवडे वळत नव्हती. नवरा चिडला. "अगं, हे एन्जॉय करायला चाललंय ना? की कोणाला प्रूव्ह करायचंय?" मी म्हणाले, दोन्ही. त्याने गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

जुलैत मी शेडवर गेले तेव्हा काका नव्हते. त्यांची बायको चराच्या कडेला कपडे वाळत घालत होती. ती मला म्हणाली, "त्याने भंगारवाल्याला फोन केलाय. सप्टेंबरची शेवटची शर्यत झाली की गाडी जाणार. तुला सांगायला त्याला जमणार नाही, म्हणून मी सांगते." मग टॉवेल झटकत म्हणाली, "एक तरी फायनल शेवटापर्यंत धावली असती तर त्याने ठेवली असती. तो म्हणतो, गाडी संपली."

मी सायकलवरून घरी आले ती रडतच. मला रडू गाडीसाठी आलं हे मी कबूल करते. चाळीस-पन्नास किलोमीटरच्या परिघात माझी म्हणावी अशी तेवढी एकच जागा होती, जिथे मी कोणाची बायको, ऑफिसात कोणाच्या हाताखालची, सरकारदरबारी कोणाचं परमिट नव्हते. ती जाणार होती, आणि ती का जाणार हे जगात फक्त मला ठाऊक होतं. माझ्यासारखी भेकड बाई मीच.

पुढच्या शनिवारी सकाळी मी हार्डवेअरच्या दुकानातून दहा मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी घेतली. माझे वडील चिंचवडला बांधकामांवर सुपरवायझर होते. त्यांच्या गवंड्यांकडे अशीच नळी असायची. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन ठिकाणी धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला उभं राहतं. त्यात ना बॅटरी, ना वशिला.

काका कॉफी घेत होते. दहा वाजले होते. मी बसले नाही.

"शेडच्या जमिनीला उतार आहे," मी म्हणाले. "उजवा मागचा कोपरा खाली गेलाय. त्यामुळे काटे चुकीचं दाखवतायत. डावं मागचं चाक खरं म्हणजे हलकं आहे. म्हणून गाडी फिरते."

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं ते वडिलांचं नाव काढतील. त्यांनी वेगळंच विचारलं.

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. काल कळलं म्हटलं असतं तर हुशार ठरले असते.

"मी जमीन धुतली त्या दिवशी."

"मार्चमध्ये?"

"हो."

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. त्यांना माझा चेहरा कितपत दिसत होता कोण जाणे. मग म्हणाले, "आधी माझे डोळे गेले. मग गुडघे. ही गाडी फिरायला लागली तेव्हा मला वाटलं, आता हातही गेले. चार महिने मी रोज सकाळी तेच मनात घेऊन उठतोय. आणि तू हो हो म्हणत माझ्या शेजारी उभी होतीस."

मी म्हणाले, "तुम्ही मोठे आहात. मला तुमचा अपमान करायचा नव्हता."

"हा झाला तो काय होता?"

आमच्याकडे ज्याला आदर म्हणतात त्याने एका माणसाला चार महिने स्वतःच्या हातांची शंका यावी, ही गोष्ट मला कोणत्याही म्हणीत बसवता येत नाही. ते म्हणाले, "आज घरी जा." इथले लोक घरी जा म्हणाले की त्याचा अर्थ घरी जा असाच असतो. पण मीही आता हट्टाला पेटले होते. मी म्हणाले, "नाही जाणार. आधी मोजते, मग जाते."

ते उठून बाहेर चराजवळ जाऊन बसले. मी शेडमध्ये नळीत पाणी भरलं. एक टोक पुढच्या चाकाच्या जागी खांबाला चिकटपट्टीने लावलं आणि दुसरं घेऊन मागे गेले. मी मागे पोचेपर्यंत पुढची चिकटपट्टी सुटली आणि पाणी माझ्या पायावर. पुन्हा भरलं, पुन्हा लावलं. या वेळी टोक सुटलं नाही, पण पुढचं पाणी कुठे थांबलंय ते मला मागून दिसेना. ही नळी एकट्याने धरायची वस्तूच नाही. गवंड्यांकडेही एक बिगारी फक्त ते टोक धरायला उभा असे. तिसऱ्यांदा पाणी सांडलं तेव्हा मी मराठीत एक शिवी दिली, जी आईने ऐकली असती तर गाडी शिकण्याचं बिंग तिथेच फुटलं असतं.

मान वर केली तर काका दारात. त्यांनी पुढचं टोक उचललं आणि खांबाशी धरलं. अंगठा पाण्याच्या रेषेवर ठेवला, म्हणजे बारीक रेष नीट दिसली नाही तरी पाणी कुठे थांबलंय ते अंगठ्याने धरून ठेवता येईल. मी मागून सांगत गेले, थोडं वर, थोडं खाली, थांबा. डावीकडचे दोन्ही कोपरे आणि उजवा पुढचा जवळजवळ सारखे निघाले. उजवा मागचा अठरा मिलिमीटर खाली होता.

"अठरा," मी म्हणाले.

"पुन्हा मोज," काका म्हणाले.

पुन्हा अठरा. ते खाली बसले, हाताने काँक्रीट चाचपलं, कोपऱ्यापर्यंत. म्हणाले, "जमीन खाली जाते इथली. समुद्राचा तळ आहे. मला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू बोलायला हवं होतंस. दोन्ही खरं आहे."

त्या दिवशी मी घरी गेलेच नाही, नवऱ्याचे तीन मिस्ड कॉल आले. घरातल्या जुन्या फरशीचे उरलेले पातळ तुकडे आणि प्लायवूड काट्यांखाली घालून आम्ही चारही काटे नळीच्या हिशोबाने एका पातळीत आणले. काकांनी तांदळाची पोती बाहेर काढायला लावली आणि मला बसवलं. आकडे त्यांची बायको वाचत होती, चष्मा कपाळावरून खाली ओढून, शाळेत हजेरी घ्यावी तशी. डावं मागचं चाक हवं होतं त्यापेक्षा चाळीस किलोने हलकं निघालं. काका हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा. चाळीस किलो म्हणजे तुझ्याइतकी एक बाई त्या चाकावरून उठून गेली होती, असं ते म्हणाले. मी सांगितलं, माझं वजन बावन्न आहे, आणि ते काट्यावर सगळ्यांनी पाहिलंय.

ऑगस्टभर आम्ही काम केलं. स्प्रिंगचा बोल्ट एक फेरा, मग तोलायचं, मग शेजारच्या कापलेल्या शेतात पाच फेऱ्या मारायच्या, मग वही. गाडी बदलत गेलेली मला पाठीला कळत होती. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की मागची बाजू आधी नुसती झटकायची, ती आता खाली बसून ढकलायला लागली. पण त्याहून अवघड काम दुसरंच होतं. काका प्रत्येक बदलाआधी थांबून विचारायचे, "तुला काय वाटतं?" आणि मला काय वाटतं ते सांगावं लागायचं. सुरुवातीला मी म्हणायची, तुम्ही म्हणाल तसं. ते पाना खाली ठेवून द्यायचे आणि उत्तर मिळेपर्यंत उचलायचे नाहीत. एकदा वीस मिनिटं पाना जमिनीवर होता. शेवटी मी म्हणाले की मला वाटतं तुमचं चुकतंय, मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर फार कडक आहेत. त्यांनी पाना उचलला आणि म्हणाले, "नाही, ते बरोबर आहेत." आणि बरोबर होतेच. आभाळ काही कोसळलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या शर्यतीला नवरा पहिल्यांदा आला, डब्यात थालीपीठं घेऊन. सकाळी ट्रॅकवर पाणी मारलेलं होतं आणि चिकणमाती ओली, जड होती. पहिल्या दोन छोट्या शर्यती मी पूर्ण केल्या, एकदाही न फिरता. नवरा कुंपणापाशी उभा राहून काही ओरडत होता, मला ऐकू आलं नाही. नंतर कळलं तो फक्त "सावकाश" म्हणत होता. शर्यतीत.

फायनल चारला होती. दुपारी वारा सुटला. तीनपर्यंत वळणांमधली माती सुकून कडक झाली आणि तिच्यावर रबराची काळी झाक चढली. अशा जमिनीवर पकड निम्मी होते. काकांनी चपलेने माती खरवडली आणि म्हणाले, "डाव्या मागच्या स्प्रिंगला आणखी दोन फेरे देऊ. वजन वाढव, नाहीतर पुन्हा फिरशील."

मला ते पटलं नाही. दुसऱ्या शर्यतीत गाडीचं तोंडच बाहेरच्या बाजूला जायला लागलं होतं, मला स्टिअरिंग ओढून धरावं लागलं होतं. मागे आणखी वजन आलं तर ती वळणारच नाही, सरळ भिंतीत जाईल. पण समोर तीस वर्षांचा अनुभव उभा होता, आणि माझ्याकडे एका उन्हाळ्याची वही. फायनल पुरी झाली नाही तर सोमवारी भंगारवाला येणार होता. चूक त्यांची झाली असती तर दोष त्यांचा, माझी झाली असती तर गाडी माझ्यामुळे गेली. गप्प बसणं किती सोयीचं असतं हे मला त्या क्षणी जितकं कळलं तितकं कधी कळलं नव्हतं.

"नको," मी म्हणाले. "स्प्रिंगला हात नको लावूया. त्याच चाकातली थोडी हवा काढू. टायर पसरेल, पकड वाढेल, आणि घेर कमी झाला की गाडी वळायलाही मोकळी होईल."

"खात्री आहे?"

"नाही. पण मला तेच वाटतंय."

"मला नाही वाटत."

"मग आपलं पटत नाहीये," मी म्हणाले.

काकांनी एकदा ट्रॅककडे बघितलं. मग खिशातून हवा मोजायचा गेज काढून माझ्या हातात ठेवला आणि बाजूला झाले. मी मातीत गुडघे टेकून हवा काढली. स्प्रिंगच्या पान्याला हातही लावला नाही.

सोळा गाड्या होत्या. पांढरं छप्पर म्हणून मी पुढच्या रांगेत. पहिल्या तीन फेऱ्यांत पाच जण मला ओलांडून गेले, कोणी बाहेरून, कोणी सरळ ढकलून. मी फक्त वळणातून बाहेर पडण्याकडे लक्ष दिलं. पाय ठेवायचा, चाक मातीत बसतंय का ते पाठीने ऐकायचं, मग दाबायचा. आठव्या फेरीला मागून एकाने जोरात धक्का दिला. मागची बाजू सुटली, मला आतलं गवत दिसलं, आणि मी मनात म्हणाले, गेली. पण पाय उचलला नाही. डावं मागचं चाक बसलं. गाडी अर्धी वळलेली थांबली, सरळ झाली आणि पुढे गेली. ज्याने धक्का दिला होता तोच फिरून उलटा उभा राहिला. मला वाईट वाटायला हवं होतं. अजिबात वाटलं नाही.

चेकर्ड झेंडा दिसला तेव्हा मी सातवी होते. गाडी सुरू होती, चारही चाकांवर होती आणि तोंड योग्य दिशेला होतं.

मी बाहेर पडेपर्यंत काका टायरांपाशी वाकले होते. एकेका टायरवर तळहात ठेवून ते गरमपणा बघत होते, आतली कड, मधला भाग, बाहेरची कड. शाबासकी वगैरे काही नाही. उठून म्हणाले, "हवा काढलीस ते बरोबर. पण स्प्रिंगला एक फेरा चालला असता. पाचवी आली असतीस."

"नाही चालला असता," मी म्हणाले. नवरा माझ्याकडे बघायला लागला.

"चालला असता."

"आपलं पटत नाहीये."

"नाही पटत," ते म्हणाले, आणि क्लबच्या टेबलाकडे निघून गेले. मला वाटलं रागावले. त्यांच्या बायकोने मला कॉफी दिली आणि सोबत डबाच पुढे केला. मी दोन बिस्किटं घेतली.

काका परत आले तेव्हा त्यांच्या हातात पुढच्या सीझनच्या नोंदणीचा फॉर्म होता. गाडीच्या टपावर ठेवून, नाक कागदाला टेकेल इतकं वाकून, ते लिहायला लागले. मी शेजारी उभी राहून वाचत होते. गाडीचा नंबर तोच. मालक, त्यांचं नाव. ड्रायव्हर, माझं. खाली मेकॅनिकची ओळ होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि तिथेही माझंच नाव लिहायला घेतलं.

अठरा वर्षांत मला कोणी मेकॅनिक म्हटलं नव्हतं. मला हुंदका आला, तो मी लपवला नाही. पण त्या ओळीत तीस वर्षं त्यांचं नाव होतं, आणि ते हात अजून कुठेही गेलेले नव्हते.

"नको," मी म्हणाले. "दोघांची नावं लिहा."

"एकच ओळ आहे."

"मग बारीक अक्षरात लिहा."